चांदवडचा ठोका आणि पुढे सरकणारी पट्टी

चांदवडच्या टांकसाळीत चांदीचा रुपया कसा पडत असे, याचे वर्णन नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये आहे. होळकरांच्या काळातली ही टांकसाळ. तिथे ४०० कारागीर असत. प्रत्येकाला ठरलेल्या कसाची चांदी मोजून मिळे. तो तिचे तुकडे करी, ते गोल करी आणि आपल्या तराजूत तोलून बघी. आकार जरा इकडेतिकडे झाला तर चालून जाई, वजन मात्र चुकता कामा नये असा दंडक होता. वजनमापांची तपासणी दर आठवड्याला होई. पसंत झालेले तुकडे मग ठोकायला जात. ऐरणीसारख्या साधनाच्या मधोमध एक खळगा आणि खळग्यात कोरलेली अक्षरे. एकाने तुकडा आत टाकायचा, दुसऱ्याने वरून ठसा धरायचा आणि तिसऱ्याने सहा पौंडी हातोडा घालायचा. असे तिघे मिळून तासाला २,००० नाणी पाडत, दहा तासांच्या दिवसात २०,०००.

तासाला २,००० म्हणजे मिनिटाला ३३. जाड पत्र्यावर काम करणारा आजचा एखादा संथ पॉवर प्रेसही मिनिटाला तीस-चाळीसच ठोके मारतो. म्हणजे नुसत्या वेगाचा हिशेब केला तर चांदवडची ती तिघांची जोडणी आजही लाजण्यासारखी नाही. मग दोनशे वर्षांत बदलले काय?

बदलले ते ठोक्याचे पोट. चांदवडच्या हातोड्याचा एक घाव एकच काम करत असे. चांदी कापणे, गोल करणे, तोलणे ही कामे त्याआधी, दुसऱ्या जागी, दुसऱ्या हातांनी व्हायची. आज प्रोग्रेसिव्ह डाय नावाच्या साच्यात प्रेसचा एक ठोका पडतो तेव्हा एका जागी भोक पडते, शेजारी कड कापली जाते, त्यापुढे वाटी ओढली जाते, आणखी पुढे आटे पडतात, कुठे चांदीचा ठिपका बसतो आणि शेवटी तयार वस्तू खाली पेटीत पडते. ही सगळी कामे एकाच क्षणी होतात, पण एकाच नगावर होत नाहीत. पट्टीवर ओळीने उभे असलेले दहा-बारा नग वेगवेगळ्या वयाचे असतात आणि प्रत्येकावर त्याच्या वयाचे काम होते. ठोका संपला की पट्टी एक पाऊल पुढे जाते. लग्नाच्या पंगतीत माणसे बसलेली असतात आणि वाढपी पुढे सरकतात. इथे वाढपी जागेवर उभे असतात आणि पंगत सरकते.

हा विषय चांदवडमध्ये बसून मांडायला आणखीही एक कारण आहे. चांदवड कांद्याचे, डाळिंबाचे आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या रहदारीचे गाव. रेणुकामातेचे मंदिर, अहिल्याबाईंचा रंगमहाल आणि सातमाळ्याच्या रांगेतला किल्ला ही त्याची ओळख. पण याच रस्त्याने पाऊणशे किलोमीटरच्या आत नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती आहेत. महिंद्रची मोटार, मायको या जुन्या नावानेच अनेकांच्या तोंडी असलेल्या बॉशचा कारखाना, विजेची स्विचगिअर बनवणाऱ्या कंपन्या आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी शेडे. चांदवड, देवळा, मालेगाव, निफाड या तालुक्यांतली मुले तिथे प्रेसवर उभी राहतात. श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम या १९२८ पासूनच्या संस्थेची अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाची महाविद्यालये तर चांदवडमध्येच आहेत. म्हणजे पत्रा ठोकण्याच्या या विद्येशी गावाचे नाते टांकसाळीपुरते संपलेले नाही.

आता त्या साच्याकडे वळू.

गॅझेटियरने चांदवडच्या रुपयाबद्दल एक बारीक गोष्ट टिपली आहे. ठसा तुकड्यापेक्षा किंचित मोठा असे, त्यामुळे सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच उमटत. नाणे संग्राहकांना त्या काळच्या रुपयांवर अर्धवट तुटलेली अक्षरे दिसतात ती यामुळे. तुकडा खळग्यात कुठे पडेल हे टाकणाऱ्याच्या हातावर अवलंबून होते. रुपयाला ते चालत होते, कारण त्याची किंमत वजनात होती. मोटारीच्या सीटबेल्टच्या कडीला किंवा विजेच्या स्विचमधल्या पट्टीला ते चालत नाही. म्हणून प्रोग्रेसिव्ह डायमधला पहिला प्रश्न ताकदीचा नसतो, जागेचा असतो: ठशाखाली पत्रा नेमका कुठे थांबला आहे?

याचे उत्तर देणाऱ्या भागाला कारखान्यात पायलट म्हणतात. डायच्या पहिल्याच टप्प्यात पट्टीच्या कडेला दोन भोके पाडली जातात. ती बहुतेक वेळा वस्तूची नसतातच, ती केवळ साच्याच्या सोयीची असतात. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर, पंच म्हणजे वरचा ठसा पत्र्याला टेकायच्या आधी, बंदुकीच्या गोळीसारखे टोक असलेली पिन त्या भोकात शिरते आणि पट्टीला हलकेच हव्या त्या जागी ओढून घेते. पत्रा पुढे ढकलणारा फीडर पट्टी जवळपास बरोबर आणून ठेवतो. अगदी बरोबर जागी नेतो तो पायलट. त्यासाठी एक सुंदर तडजोड करावी लागते. पायलट भोकात शिरत असताना फीडरच्या रोलरांनी पट्टीवरची पकड क्षणभर सैल करायची असते, नाहीतर दोघेही पट्टी आपापल्या बाजूला ओढतात आणि भोक लांबट होते. नवख्या सेटरची पहिली चूक अनेकदा इथेच होते. भोक लांबट दिसले की तो पंच बदलायला धावतो, आणि दोष असतो फीडरच्या वेळेत.

कापण्याबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. प्रेसमध्ये पत्रा कात्रीसारखा कापला जातो असे वाटते, पण तो पूर्ण कापला जात नाही. पंच पत्र्यात साधारण एक तृतीयांश खोल घुसतो आणि उरलेली जाडी तडकून तुटते. भोकाची कड भिंगाखाली पाहिली तर वर चकचकीत पट्टा दिसतो आणि खाली खरखरीत. वरून आणि खालून निघालेले तडे मध्ये एकमेकांना भेटावेत, यासाठी पंच आणि तो ज्या खालच्या भोकात शिरतो ती डाय यांच्यात मोजून फट ठेवतात. साध्या पोलादी पत्र्याला ती दर बाजूला जाडीच्या पाच ते दहा टक्के असते. पत्रा १ मिलिमीटरचा असेल तर फट ०.०५ ते ०.१ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाइतकी. फट कमी पडली तर पंच लवकर झिजतो, जास्त झाली तर कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, उभी राहते आणि ती बर पुढे असेंब्लीत कुणाच्या तरी बोटाला लागते.

आणि ताकद? ती हिशेबाने निघते. २ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादात २० मिलिमीटर व्यासाचे एक भोक पाडायला सुमारे साडेचार टन बळ लागते. डायमध्ये अशी चार भोके, दोन नॉच (कडेच्या खाचा) आणि एक ब्लँक (कापून निघणारा अख्खा तुकडा) एकाच ठोक्यात असेल तर आकडा भराभर वाढतो. म्हणून जाणता डायमेकर सगळे पंच एकाच उंचीचे ठेवत नाही. काही थोडे लांब, काही थोडे आखूड ठेवतो, म्हणजे घाव एका क्षणात न पडता पाठोपाठ पडतो आणि प्रेसच्या फ्रेमला झटका कमी बसतो. अशा प्रेसचा आवाजही वेगळा येतो, आणि अनुभवी ऑपरेटर डाय न उघडता नुसत्या आवाजावरून सांगतो की एखादा पंच तुटला आहे.

पत्रा वाकवणे, ओढणे आणि फुगवणे हा या विद्येचा दुसरा आणि अधिक अवघड भाग. इथे पत्र्याचा स्वभाव ओळखावा लागतो. ९० अंशांत वाकवलेला पत्रा सोडल्यावर थोडा परत उघडतो, म्हणून त्याला ९० पेक्षा जास्त वाकवावे लागते. लाटून तयार झालेल्या पत्र्याला लाकडासारखी रेषा असते. घडी त्या रेषेला समांतर पडली तर बाहेरच्या बाजूने तडा जाण्याची भीती असते, म्हणून पट्टीवर वस्तू सरळ ठेवायची की तिरपी, हे डाय आखतानाच ठरते. घडीच्या अगदी जवळ भोक असेल तर वाकवताना ते अंडाकृती होते. असे भोक घडी झाल्यावरच पाडायचे, मग त्यासाठी आणखी एक टप्पा लागला तरी चालेल.

खोल वाटी ओढताना हा स्वभाव फारच स्पष्ट दिसतो. एका ओढीत सपाट चकतीपासून साधारण अर्ध्या व्यासापर्यंतची वाटी निघते. त्याहून अरुंद आणि खोल हवी असेल तर टप्प्याटप्प्याने जावे लागते, कारण प्रत्येक ओढीत धातू घट्ट होत जातो. हे पुण्याच्या आणि नाशिकच्या तांबटांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करताना छोट्या हातोडीच्या हजारो ठोक्यांनी तांबे कडक होते, आणि त्याला पुन्हा आकार द्यायचा असेल तर भट्टीत तापवून मऊ करावे लागते. तांबट हंडा भट्टीत घालू शकतो. पुढे सरकणाऱ्या पट्टीला मध्येच भट्टी दाखवता येत नाही. त्यामुळे डाय आखणाऱ्याला पहिल्या ओढीतच पुढच्या चार ओढींचा विचार करून धातूची ताकद जपून खर्च करावी लागते. शर्टाच्या टिचबटणाची इवलीशी वाटी अशीच पाच-सहा टप्प्यांत उतरते. प्रत्येक वाटी पट्टीला बारीक दोऱ्यांसारख्या धातूच्या पुलांनी लटकलेली असते. वाटी ओढली जाताना चकती आकसते, ते पूल ताणले जातात, पण पट्टीची कड जागची हलत नाही. हे पूल किती रुंद ठेवायचे यात डायमेकरचा कस लागतो. बारीक ठेवले तर वाटी मध्येच तुटून डायमध्ये पडते, जाड ठेवले तर सगळी पट्टीच ओढली जाते.

वाया जाणाऱ्या पत्र्याचा हिशेब कच्च्या मालाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा. ४० मिलिमीटर व्यासाच्या गोल चकत्या एका ओळीत कापल्या आणि चकत्यांमध्ये व कडांना दीड-दीड मिलिमीटर जागा सोडली, तर पट्टीचा जेमतेम ७० टक्के भाग वस्तूत जातो आणि ३० टक्के भंगारात. त्याच चकत्या दोन ओळींत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या अडवून बसवल्या तर उपयोग ७७ टक्क्यांच्या आसपास जातो. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. महिन्याला शंभर टन पत्रा खाणाऱ्या कारखान्यात ते किती होतात, याचा हिशेब मालक रोज मनात करत असतो.

इथपर्यंत पत्र्याच्या एका तुकड्याला आकार मिळाला. पण या विषयाचे खरे आकर्षण पुढे आहे. तोच साचा दुसऱ्या वस्तू आत घेऊन त्या पत्र्याला जोडूही शकतो. घडण आणि जोडणी हे कारखान्यातले दोन वेगळे विभाग एका ठोक्यात एकत्र येतात.

विजेच्या स्विचमधली एक पितळी पट्टी डोळ्यांपुढे आणावी. ०.८ मिलिमीटर जाडीची. तिला एका टोकाला स्क्रू बसवायचा आहे आणि दुसऱ्या टोकाला चांदीचा ठिपका, कारण वीज जोडताना-तोडताना ठिणगी पडते आणि चांदी ती सोसते. आता ०.८ मिलिमीटर पत्र्यात एम३ आटे पाडायचे तर आट्यांचे अंतर ०.५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड आटा. स्क्रू दोनदा फिरवला की आटे निघून येतील. म्हणून आधी छोटे भोक पाडून त्याच्या कडा पंचाने खाली ओढतात. भोकाभोवती मानेसारखी कॉलर तयार होते, उंची दुपटीने वाढते आणि तीन-चार आटे सहज बसतात. मग आटे पाडणारा डायमधलाच टॅप त्यात फिरतो. हा टॅप धातू कापत नाही, दाबून आटे उठवतो, कारण कापताना निघालेला एक चुरा जरी पट्टीवर पडला तरी पुढच्या टप्प्यात तो पितळेत दाबला जाऊन नग बाद होतो. वेळेचाही हिशेब आहे. प्रेस मिनिटाला ६० ठोके मारत असेल तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो आणि त्यातला साधारण अर्धा सेकंद पट्टी पुढे सरकण्यात जातो. उरलेल्या अर्ध्या सेकंदात टॅपने आत जायचे आणि उलटे फिरून बाहेरही यायचे. घाई केली तर टॅप तुटतो. म्हणून अनेकदा प्रेसचा वेग ठरवणारा टप्पा कापण्याचा नसतो, टॅपिंगचा असतो.

पुढच्या टप्प्यावर बाजूने चांदीच्या मिश्रधातूची बारीक तार डायमध्ये शिरते. तिचा मोजून तुकडा कापला जातो, तो पितळेच्या भोकात बसतो आणि त्याच ठोक्यात वरून-खालून दाबला जाऊन त्याला डोके फुटते. रिव्हेट बसला. चांदवडच्या टांकसाळीत चांदी कापून गोल करणारी आणि ती ठोकणारी जी माणसे होती, त्यांची कामे इथे एका टप्प्यात, मसुराच्या दाण्याएवढ्या चांदीवर होतात. आणि गंमत म्हणजे दंडकही तोच आहे. आकाराला थोडी सूट असू शकते, पण तारेच्या तुकड्याची लांबी, म्हणजे चांदीचे वजन, चुकता कामा नये. कमी पडले तर डोके नीट बसत नाही, जास्त झाले तर महागडी चांदी वाया जाते आणि पितळ फाटते.

विजेच्या मोटरचा गाभा हे याहून वेगळे उदाहरण. गाभा अखंड लोखंडाचा केला तर त्यात भोवरी प्रवाह फिरून तो तापतो, म्हणून ०.५ किंवा ०.३५ मिलिमीटरच्या पातळ पत्र्यांची चळत लावतात. पूर्वी हे पत्रे कापून, हाताने रचून, रिव्हेट किंवा वेल्डिंगने बांधले जात. आता प्रत्येक पत्र्यात काही बारीक खळगे दाबले जातात. वरच्या पत्र्याचा खळगा खालच्या पत्र्याच्या खळग्यात घट्ट बसतो आणि डायच्या पोटातच पत्र्यावर पत्रा रचून गाभा तयार होतो. ठरलेल्या संख्येनंतरच्या पहिल्या पत्र्यात खळग्याऐवजी आरपार भोक पाडतात, म्हणजे तो खालच्या चळतीला चिकटत नाही आणि नवा गाभा सुरू होतो. रोटरचे पत्रे तर प्रत्येक ठोक्याला थोडे फिरवून रचतात, म्हणजे खाचा तिरप्या होतात आणि मोटर कमी आवाज करते. एका इवल्याशा खळग्याने हातरचाईचा एक अख्खा विभाग गिळला. या विषयातली ही कदाचित सगळ्यात सुबक कल्पना असावी.

जगभर असंख्य माणसांच्या हाताला लागणारे उदाहरण मात्र शीतपेयाच्या डब्याचे आहे. डब्याच्या झाकणावरची चावी दुसऱ्या पत्र्याच्या पट्टीतून टप्प्याटप्प्याने वळत, कडा दुमडत येते आणि झाकणाच्या रांगेवरून जाताना झाकणावर बसते. तिला धरून ठेवणारा रिव्हेट मात्र बाहेरून आणलेला नसतो. झाकणाचाच पत्रा बुडबुड्यासारखा वर ओढून, त्यावर चावीचे भोक बसवून, तो बुडबुडा चपटा केला जातो. ओहायोतल्या डेटन शहरात टूलरूम चालवणाऱ्या अर्मल फ्रेझ यांनी ही ओढून उघडायची कल्पना १९५९ नंतर मांडली आणि तिचे पेटंट मिळवले. ओढून फेकायच्या कड्यांचा कचरा आणि पायाला होणाऱ्या जखमा वाढल्या तेव्हा रेनॉल्ड्स कंपनीच्या डॅनियल कडझिक यांनी १९७५ मध्ये डब्यालाच चिकटून राहणारी चावी आणली. फ्रेझ हे मुळात डाय बनवणारे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाहेरून स्क्रू किंवा रिव्हेट आणण्याऐवजी पत्र्यातूनच रिव्हेट उगवायचा, हे रोज पत्रा ओढणाऱ्या माणसालाच सुचते.

आणि खिशातले १० रुपयांचे दुरंगी नाणे? बाहेरची कडी पिवळसर, आतला गोल पांढरट. दोन वेगळे धातू, ना डिंक, ना वेल्डिंग. कडीत चकती बसवतात आणि ठसा मारतानाच दाबाने धातू वाहून एकमेकांत घट्ट रुततो. ही प्रोग्रेसिव्ह डाय नव्हे, नाणी वेगवेगळ्या यंत्रांवरून जातात. पण छाप आणि जोडणी एकाच घावात होते हे तत्त्व तेच. ठशाभोवती आता कॉलर नावाचे पोलादी कडे असते, त्यामुळे धातू बाहेर पसरत नाही आणि प्रत्येक अक्षर जागच्या जागी उमटते. चांदवडच्या रुपयावर अक्षरे अर्धी राहत, त्याला मोठ्या ठशाबरोबर या कड्याची उणीवही कारण होती. चांदवड १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि तिथली टांकसाळ १८३० च्या सुमारास बंद पडली. त्याच सुमारास मुंबईच्या फोर्टात वाफेच्या यंत्रांवर चालणारी टांकसाळ उभी राहिली होती.

एका ठोक्यात जितकी जास्त कामे भरावीत, तितकी चुकायची संधीही वाढते. पंचाने पाडलेला बारीक तुकडा कधी कधी खाली न पडता पंचाच्या तोंडाला चिकटून वर येतो आणि पुढच्या नगावर त्याचा ठसा उमटतो. चांदीची तार संपली तर रिकाम्या भोकाचे नग निघत राहतात आणि दिसायला ते सगळे एकसारखे असतात. म्हणून जोडणी करणाऱ्या डायमध्ये सेन्सर चैनीचे राहत नाहीत. तार आहे का, नट बसला का, नग बाहेर पडला का, पट्टी पूर्ण पाऊल पुढे आली का, याची उत्तरे प्रत्येक ठोक्याला मिळावी लागतात. एक उत्तर चुकले की प्रेस पुढचा ठोका मारायच्या आधी थांबला पाहिजे. नाशिकच्या किंवा पुण्याच्या शेडमध्ये घाईच्या दिवशी सेन्सर वायरने जोडून निकामी करण्याची जी खोड आहे, ती वेळ वाचवत नाही. संध्याकाळी सात हजार नग हाताने तपासायला बसवते.

या तंत्राचा एक लाभ उत्पादनाच्या तक्त्यात दिसत नाही. एकेरी टप्प्याच्या प्रेसवर कामगार प्रत्येक नग हाताने डायमध्ये ठेवतो आणि हाताने काढतो. ठोका पडतो त्या जागेत त्याची बोटे दिवसातून हजारो वेळा जातात. चांदवडच्या टांकसाळीत ठसा धरणाऱ्याचा हातही सहा पौंडी हातोड्याखालीच असे. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या २१ व्या कलमाने यंत्राचे धोक्याचे भाग झाकणे बंधनकारक केले. तरीही मोटार उद्योगातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटे तुटण्याच्या घटना थांबलेल्या नाहीत. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था आपल्या ‘क्रश्ड’ या अहवालांतून त्या वर्षानुवर्षे मांडत आली आहे. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये पट्टी फीडर ढकलतो आणि नग आपोआप पडतो. ठोका चालू असताना हात आत घालायचे कारणच उरत नाही. डाय लावताना आणि अडकलेली पट्टी काढताना धोका आहेच, पण तेव्हा प्रेस बंद असतो, किंवा असायला हवा. एखाद्या कारखान्याला महागडी डाय परवडते की नाही हे ठरवताना जपलेली बोटेही जमेच्या बाजूला लिहिली पाहिजेत.

परवडण्याचा प्रश्न मात्र खोटा नाही. वर्षाला काही हजारच नग हवे असतील तर बारा टप्प्यांची डाय करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. तिथे दोन-तीन साधी टूल्स आणि दोन तरबेज कारागीरच योग्य. मोठे, खोल भाग, उदाहरणार्थ मोटारीचे दरवाजे, पट्टीला लटकवून नेता येत नाहीत, त्यांना नग एका साच्यातून दुसऱ्यात उचलून नेणारा ट्रान्सफर प्रेस लागतो. शिवाय नगाचा आकार दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर प्रोग्रेसिव्ह डाय गळ्यातले ओझे होते. अंबडच्या छोट्या शेडमध्ये एकेरी टूलवर काम चालते म्हणून त्याला मागासलेले ठरवू नये. तिथल्या फिटरला पत्र्याचा जो हात समजलेला असतो, त्यावरच पुढची डाय उभी राहते.

अशी डाय घडते टूलरूममध्ये. पंच आणि डाय यांच्यासाठी तिथे पोलादाची दोन नावे सतत कानांवर येतात, ओएचएनएस आणि एचसीएचसीआर. दुसऱ्या पोलादात साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते आणि कडक केल्यावर त्याची कठीणता रॉकवेल मापावर ५८ ते ६२ पर्यंत जाते. वायरकट यंत्र आल्यापासून केसाएवढी फट तारेने नेमकी काढता येते. त्याआधी हीच फट कानस आणि निळ्या रंगाच्या साहाय्याने, रात्र-रात्र बसून काढणारे कारागीर मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत होते. आयटीआयमधला प्रेस टूल्स, जिग्ज आणि फिक्श्चर्सचा टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा ट्रेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूममधला दहावीनंतरचा डिप्लोमा, हे या कामाचे आजचे दरवाजे आहेत. त्या दरवाजापर्यंत पोचलेल्या ग्रामीण मुलाला हा विषय बहुतेक वेळा इंग्रजी तक्त्यांतून आणि फोरमनच्या तोंडून तुटक-तुटक मिळतो. स्ट्रोक, पायलट, स्ट्रिपर, बर, शट हाइट हे शब्द त्याचेच आहेत, ते बदलायचे कारण नाही. पण त्या शब्दांच्या मधली वाक्ये, ‘का’ने सुरू होणारी, त्याला मराठीत मिळाली पाहिजेत. पट्टी तिरपी का ठेवली, मधला एक टप्पा रिकामा का सोडला, हे भोक घडीनंतर का, हे ज्याला सांगता येते तोच पुढे डाय आखतो. बाकीचे ती चालवत राहतात.

रिकाम्या टप्प्याबद्दल एवढे सांगायला हवे. पट्टीवर अनेकदा अशी एखादी जागा असते जिथे काहीच होत नाही. शिकाऊ मुलाला तो आळस वाटतो. खरे तर शेजारचे दोन टप्पे जवळ आले की त्यांच्यामधली पोलादाची भिंत पातळ होऊन डाय तडकते. शिवाय उद्या ग्राहकाने आणखी एक भोक मागितले तर ते पाडायला जागा लागते. अनुभवी माणूस ती जागा आधीच सोडून ठेवतो.

चांगल्या टूलरूममध्ये एक पद्धत पाळतात. डाय प्रेसवरून उतरवताना शेवटची पट्टी कापून काढतात आणि शेवटच्या नगासोबत डायलाच बांधून ठेवतात. त्यावर पहिल्या भोकापासून तयार वस्तूपर्यंतचा सगळा प्रवास असतो, झिजलेल्या पंचाची बर असते, सरकलेल्या पायलटचे लांबट झालेले भोकही असते. या विषयात उतरू पाहणाऱ्याने नाशिकला जाऊन ओळखीच्या टूलरूममधून अशी एक पट्टी मागून घ्यावी, उजेडात धरावी आणि डावीकडून उजवीकडे वाचत जावे. जिथे वाचताना अडेल, तिथून प्रश्न विचारायला सुरुवात करावी.